दोन्ही येणाऱ्याचं आजारपण

मागच्या आठवड्यात श्टुटगार्टला डॉक्टरेट करणारा एक मराठी विद्यार्थी माझ्याकडे बॉबलिंगेनला आला. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. चहा घेईना, धड बसेना. शेवटी म्हणाला, "तुम्हालाही झाला होता ना? मग सगळं सांगा. डॉक्टर सांगतात ते नको, खरं ते सांगा."

मी बोलायला लागलो की पाल्हाळ लावतो आणि मध्येच चिडतो, त्यामुळे त्याला म्हटलं, लिहून देतो. यात क्षयाची शास्त्रीय माहिती नाही. ती तुम्हाला कोणीही देईल, नको असताना देईल. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: मी बरा झालो. गोष्ट रंगावी म्हणून हे शेवटपर्यंत लपवणारे लोक असतात, पण आजारी माणसाला असल्या गमती सोसत नाहीत.

बॅट टाकून पळायचं

मी सांगलीचा. कॉलेजच्या टीममध्ये सकाळी नव्या चेंडूनं बॉलिंग आणि दुपारी चौथ्या नंबरवर बॅटिंग करत असे. ऑलराउंडर. हे मी कुणी न विचारता सांगत असे, आताही सांगतोच आहे. जर्मनीत डॉक्टरेटला आलो तेव्हा सामानात दोन स्वेटर, लसणाची चटणी आणि एक लाल चेंडू होता. इथे क्रिकेट कुणी पाहिलंही नव्हतं.

बॉबलिंगेनला भाड्याची खोली मिळाली. गावात अमेरिकन सैनिकांची छावणी होती, आणि तिच्या मैदानावर संध्याकाळी बेसबॉल चाले. मी कुंपणाबाहेर उभा राहून रोज बघत असे आणि मनातल्या मनात त्यांच्या चुका काढत असे. एकदा त्यांचा चेंडू बाहेर आला. मी तो एका हातानं झेलला आणि सरळ परत फेकला. हातात ग्लोव्ह नाही हे बघून एक उंच, लाल कानांचा पोरगेलासा सैनिक कुंपणापाशी आला. तो रॉय. त्यानं मला आत घेतलं आणि बॅट हातात दिली.

दुसराच चेंडू मी जमिनीलगत मारला आणि पळालो. पळालो तो बॅट हातात घेऊनच. पहिल्या बेसशी पोचल्यावर क्रीझवर टेकवतात तशी बॅट लांब करून टेकवली. सगळं मैदान हसायला लागलं.

"बॅट टाकून पळायचं," रॉय म्हणाला.

"टाकली तर बाद होईन."

"बॅट घेऊन कोण पळतं?"

"आमच्याकडे सगळेच," मी म्हटलं. मला राग आला होता. मग मी त्याला माझी बॉलिंग करून दाखवली, लांबून पळत येऊन, हात सरळ ठेवून. आता तोंडात बोट घालायची पाळी त्याची होती.

त्या उन्हाळ्यात आमची मैत्री जमली ती एका कारणानं. रॉयलाही दोन्ही येत होतं. सक्तीच्या लष्करी नोकरीत येण्याआधी तो एका मोठ्या संघाच्या खालच्या पायरीवरच्या संघात होता. त्यांच्याकडे अशा पायऱ्या असतात. होतकरू पोरं लहान गावांतून बसनं फिरतात, वर कधी बोलावतील याची वाट बघत खेळतात. तिथे चेंडू टाकणारा टाकतो आणि मारणारा मारतो. रॉय पाच दिवसांतून एकदा चेंडू टाकायचा आणि उरलेले चार दिवस मारायचा. त्यामुळे टाकणं शिकवणारा आणि मारणं शिकवणारा हे त्याचे दोन शिक्षक एकमेकांशी बोलत नसत.

"तुमच्याकडे दोन्ही येणाऱ्याला काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"ऑलराउंडर. टीममध्ये पहिलं नाव त्याचं लिहितात."

"आमच्याकडे म्हणतात, याचं अजून ठरलेलं नाही," रॉय म्हणाला.

निदानाचा दिवस

होखशूलेत, म्हणजे आमच्या विद्यापीठात, विद्यार्थ्यांना एक्स-रे काढून घ्यावा लागे. उघड्या अंगानं रांगेत उभं राहायचं, थंड पत्र्याला छाती लावायची, श्वास धरायचा आणि पुढे सरकायचं. मला तीन महिने खोकला होता. मी त्याला जर्मन हिवाळा म्हणत होतो आणि आईनं दिलेली हळद दुधात घालून पीत होतो. वजन उतरलं तर जर्मन जेवणावर ढकललं. मी शहाणा माणूस, माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार असे.

चौथ्या दिवशी परत बोलावलं. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि उजव्या बाजूला, वरच्या भागात पेन्सिल टेकवली. तिथे एक पोकळी होती, रुपयाएवढी.

"आल्झो, हेर जोगळेकर," त्या म्हणाल्या, म्हणजे तर मग, श्रीयुत जोगळेकर, "हा ट्युबरक्युलोज आहे. आता औषधं आहेत. पण तुम्हाला सॅनेटोरियममध्ये जावं लागेल."

खरं सांगायचं ठरलंय म्हणून सांगतो. माझ्या मनात पहिल्यांदा मरण आलं नाही. पहिल्यांदा आलं की शनिवारी सराव आहे, रॉय चेंडू टाकायचा एक नवा प्रकार शिकवणार होता. त्यानंतर सांगली आठवली. क्षयाचं हॉस्पिटल मिरजेला, त्यामुळे आमच्याकडे 'मिरजेला हलवलंय' एवढं म्हटलं की लोक पुढचं विचारत नसत, फक्त त्या घरचं पाणी प्यायचं टाळत. मरणाचा विचार संध्याकाळी आला, घरमालकीणबाईंनी माझा कप वेगळा ठेवलेला दिसला तेव्हा. त्या वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. मीही घाबरलो होतो. स्टेशनवर पोचवायला मात्र त्याच आल्या.

पडून राहण्याची नोकरी

सॅनेटोरियम श्वार्त्सवाल्डच्या डोंगराळ जंगलात, उंचावर होतं. तिथे काम एकच, पडून राहायचं. सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास गच्चीत, घोंगड्यात गुंडाळून. बोलायचं नाही, दुपारी तर वाचायचंही नाही. दिवसातून चार वेळा ताप मोजायचा आणि शनिवारी वजन करायचं. थुंकी निळ्या काचेच्या बाटलीत. ती खिशात घेऊन हिंडावं लागे, आणि सगळे तिला निळा हाइनरिश म्हणत. पहिल्या आठवड्यात मला तिची किळस यायची. पुढे जेवायला जाताना मीच इतरांना विचारू लागलो, हाइनरिश घेतलास का?

रोज सुई असे. शिवाय एक दाणेदार औषध, इतकं घाणेरडं की त्यापुढे एरंडेल गोड म्हणावं. सुईनं कानात गुणगुण सुरू झाली. ती काही महिन्यांनी गेली. तुमची सुरू झाली तर लगेच डॉक्टरांना सांगा, माझ्यासारखं मोठेपणानं गप्प बसू नका.

माझ्या खोलीत हेर बॉयर्ले होते. साठीचे, ट्रामवर कंडक्टर होते. त्यांची ही दुसरी खेप. पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे दोन प्रकारचे लोक असतात. रोज बरे होणारे आणि सावकाश बरे होणारे. रोज बरे होणाऱ्यांशी मैत्री करू नका, ते फार रडतात." मी अर्थातच रोज बरा होणारा होतो. तिथल्या सेल्सिअसमध्ये सदतीस ताप दिसला की मी बरा, सदतीस आठ दिसला की संपलो. बॉयर्ले शेवटी माझा तापाचा तक्ता उलटा करून ठेवू लागले. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

रॉयचं टपाल

घरी मी कळवलं नव्हतं. आई हाय खाईल, वडिलांना, म्हणजे अण्णांना, शेजारीपाजारी तोंड दाखवता येणार नाही, असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मलाच लाज वाटत होती. मग मी एक युक्ती काढली, आणि तिचा मला अभिमानही वाटत होता. सॅनेटोरियमच्या गावचा शिक्का पाकिटावर पडायला नको, म्हणून पत्रं लिहून मी रॉयकडे पाठवायचो आणि तो ती बॉबलिंगेनहून टाकायचा. 'प्रकृती उत्तम. अभ्यास जोरात. पत्ता तोच.' घरमालकीणबाईंकडे आलेलं उत्तर तो महिन्यातून एकदा येताना घेऊन यायचा. तिकिटासाठी मी त्याला पैसे देत असे, ते तो मुकाट्यानं घेत असे.

ऑगस्टच्या मध्यापासून बर्लिनमध्ये भिंत उभी राहत असल्याच्या बातम्यांनी पेपर भरले. सप्टेंबरात रॉय आला तो अण्णांचं जाडजूड पाकीट घेऊन. मी ते गच्चीत उघडलं.

'चि. माधव यास अनेक आशीर्वाद. तुझ्या मागील तीन पत्रांवर अमेरिकेची तिकिटे आहेत आणि अमेरिकन लष्कराचे शिक्के आहेत. मी ती येथील निवृत्त पोस्टमास्तरांस दाखविली. ते म्हणाले, अशी पत्रे फौजेतील माणसेच टाकू शकतात. इकडे पेपरात बर्लिनला रणगाडे उभे असल्याचे वाचतो. तू फौजेत भरती झालास काय? तुझी आई दोन दिवस जेवलेली नाही. खरे ते कळव. मी रागावणार नाही.'

मी रॉयकडे पाहिलं. "तू माझी पत्रं कुठे टाकलीस?"

"छावणीच्या पोस्टात. बराकीच्या शेजारीच आहे. जर्मन पोस्टात रांग असते."

"आणि तिकीट?"

"आमचंच लावलं. तुझे पैसे साठवून ठेवलेत, बरा झालास की बिअर पिऊ."

मी पत्राचा अर्थ सांगितला. तो हसायला लागला. शेजारच्या खाटेवर बॉयर्ले डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, "गेनाऊ, बरोबर आहे. आता खरं लिहा. सैनिक होण्यापेक्षा आजारी असणं आईला बरं वाटेल."

हात

पण त्याच आठवड्यात दुसरं काही समोर आलं होतं. चार महिने औषध घेऊनही पोकळी बंद झाली नव्हती. शस्त्रक्रिया करणारे प्रोफेसर म्हणाले की फुप्फुसाचा वरचा तुकडा काढला तर सुटाल. नाही काढला तर कदाचित बंद होईल, कदाचित पुढच्या वर्षी रक्त पडेल. हात कुठवर चालेल असं मी विचारलं. त्यांना प्रश्न कळला नाही. मी उठून त्यांच्या खोलीत बॉलिंगची अॅक्शन करून दाखवली. त्यांनी माझ्या उजव्या पाठीवर, खवाट्याखालून बोट फिरवलं. "आम्ही इथून स्नायू कापून आत जातो. लिहाल, जेवाल, केस विंचराल. हे मात्र विसरा."

मी सही करायला नकार दिला.

वेड्यासारखं होतं, कबूल आहे. पण पंचवीस वर्षांच्या माणसाकडे स्वतःचं असं फार नसतं. माझ्याकडे ते एक होतं. नुसत्या बॅटिंगवर माझी टीममध्ये निवड झाली नसती, आणि नुसत्या बॉलिंगवरही नसती. दोन्ही मिळून मी होतो. शिवाय अण्णा. सांगलीत माझ्या प्रत्येक मॅचला ते कोर्टातलं काम आटोपून छत्री घेऊन बाउंड्रीपाशी उभे राहायचे. एकही मॅच चुकवली नाही. माझ्यासाठी म्हणून त्यांनी एवढी एकच गोष्ट उघड केली होती. ती मी कापायला कशी देणार?

रॉयला हे सांगितलं. त्यानं खिशातून त्याचं स्वतःचं पत्र काढलं. त्याच्या संघानं कळवलं होतं: लष्करातून सुटून आलास की फक्त मारायचं. चेंडू टाकणं बंद, त्यासाठी संघात जागा मिळणार नाही.

"मग तू काय करणार?" मी विचारलं.

"मला कुणी विचारलंय कुठे?" तो म्हणाला. तो चिडलेला होता, एरवी कधी चिडत नसे. "माझं ते एका पत्रानं काढून घेतायत. तुला निदान विचारतायत. आणि तू नाही म्हणून मेलास तर दोन्ही जाईल, गाढवा."

तो गेल्यावर मी अण्णांना सगळं लिहिलं. आजार, सॅनेटोरियम, पोकळी, पाठ, हात. शेवटी लिहिलं की ऑपरेशन करून घेतलं तर तुम्हाला माझी बॉलिंग परत दिसणार नाही, त्याबद्दल क्षमा असावी. हे पत्र बॉयर्लेंनी खाली जाऊन गावच्या पोस्टात टाकलं, जर्मन तिकीट लावून.

अण्णांचं उत्तर

तीन आठवडे लागले. त्या दिवसांत मी अतिशय वाईट वागलो. बॉयर्लेंवर ओरडलो, सूप परत पाठवलं, प्रोफेसरांना बघून भिंतीकडे तोंड केलं. वाट बघणं मला कधी जमलं नाही.

उत्तर एकाच कागदावर होतं.

'चि. माधव यास अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. तू फौजेत नाहीस हे वाचून तुझी आई प्रथम हसली, नंतर पुष्कळ रडली, नंतर जेवली. तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मला तो खेळ कळत नाही. तू चेंडू टाकत होतास की दुसरा कोणी, हे मला छत्रीखालून नीट दिसतही नसे. लहानपणी तू फार आजारी असायचास. तू चार तास उन्हात उभा राहू शकतोस, एवढेच बघण्यास मी येत असे. ते मला अजून पुष्कळ वर्षे बघावयाचे आहे. ऑपरेशन करून घे. मिरजेत चौकशी केली आहे, हेच योग्य म्हणतात. लोक विचारतात त्यांना मी खरे सांगतो.'

मी ते पत्र चारपाच वेळा वाचलं आणि मोठ्यानं रडलो. बोलायला बंदी होती त्या तासात रडलो, त्यामुळे सिस्टर धावत आली. बॉयर्लेंनी तिला हातानंच जा म्हणून सांगितलं. संध्याकाळी मी सही केली. डाव्या हातानं करून बघत होतो, सवय असावी म्हणून. बॉयर्ले म्हणाले, "तो हात राहणार आहे, उगाच नाटक करू नका." मग उजव्यानं केली.

नंतर

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, तुम्हालाही आठवणार नाही. नंतरचं आठवतं. पहिले चार दिवस फार दुखतं. श्वास घेताना दुखतं आणि खोकताना तर बोलायलाच नको, आणि खोकायला तर लावतातच. सिस्टर मागून पाठ दाबून धरायची आणि म्हणायची, "आता." मी तिला मराठीत सगळ्या शिव्या दिल्या. तिनं त्या कौतुकानं ऐकून घेतल्या.

लहान लहान गोष्टींनी सोसवतं. सहाव्या दिवशी कुणी तरी केस धुऊन दिले, त्याचं सुख मला अजून आठवतं. आईनं अण्णांच्या पाकिटात घातलेली चिमूटभर सुंठ. पहिल्यांदा जिना चढलो तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक थांबून बघत होते. आणि जानेवारीत थुंकी स्वच्छ आली. पुढच्या महिन्यातही स्वच्छ आली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई भिंतीवर हात चालवायला लावत. पहिल्या दिवशी बोटं हनुवटीपर्यंत पोचली, मार्चमध्ये डोक्याच्या वर. त्यापुढे हात गेला नाही. मागे तर अजिबात जाईना. प्रोफेसर खोटं बोलले नव्हते. मी रडलो नाही, पण दोन दिवस कुणाशी बोललो नाही. जे गेलं ते गेलं म्हणायला वेळ लागतो, आणि तो घ्यावा. घाई करणाऱ्या पाहुण्यांना मी खोलीतून हाकलत असे.

एप्रिलमध्ये मला सोडलं. बॉयर्ले राहिले. ते सावकाश बरे होणारे होते आणि पुढल्या वर्षी खरंच झाले.

मैदानावर

बॉबलिंगेनला आल्यावर सगळे माझ्याशी फार चांगलं वागले. घरमालकीणबाई जिन्यात सामान हातातून घेत. प्रयोगशाळेत खुर्ची पुढे करत. रस्त्यानं चालताना मंडळी माझ्यासाठी हळू चालत. सुरुवातीला बरं वाटलं, मग गुदमरायला झालं. मी बरा झालो होतो, पण माझ्याशी कुणी बऱ्या माणसासारखं वागत नव्हतं. घरून येणाऱ्या पत्रांत तर मी काचेचाच झालो होतो.

मे महिन्यात रॉयची लष्करी नोकरी संपत आली. शेवटच्या रविवारी दुपारी आम्ही दोघंच मैदानावर गेलो. मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं, तुम्ही विचारा. रॉयनं बॅट दिली. हात फार वर जात नव्हता, पण समोर फिरत होता.

त्यानं पहिला चेंडू लहान मुलाला टाकतात तसा, खालून टाकला. मी मारलाच नाही. चेंडू जाऊ दिला.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"नीट टाक."

"डॉक्टर काय म्हणतील?"

"रॉय, वर्षभर सगळे मला खालून टाकतायत. तू तरी नीट टाक."

 तो मागे गेला, टोपी सारखी केली आणि चेंडू ग्लोव्हमध्ये फिरवत बराच वेळ उभा राहिला. मला तेव्हा आठवलं की पुढच्या महिन्यापासून त्याला कुणी चेंडू टाकू देणार नाही. तो म्हणाला, "ठीक आहे. हे माझे शेवटचे. दया नाही."

त्यांच्याकडे तीन चेंडू हुकले की बाद. पहिला मला दिसलाच नाही. दुसरा दिसला, पण मी बॅट फिरवली तेव्हा तो मागच्या कुंपणाला लागून पडला होता. पाठीत कळ आली. रॉयनं बघितलं, पण विचारलं नाही. तिसरा त्यानं असा टाकला की बॅटजवळ येऊन खाली बुडाला. मी जोरात फिरवली, गरकन फिरलो आणि खाली बसलो.

"आउट," रॉय म्हणाला.

तो हात द्यायला आला नाही. जिथे होता तिथेच कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मी उठायची वाट बघत. मी उठलो. मी वर्षभरात इतका आनंदात कधी नव्हतो.